उंडीला आवतण

दोहा, कतार
माघातला शुक्रवार (तारीख कौशिक घालील, मला इथे वार तेवढा कळतो)

ती. सौ. विभावरीवहिनींच्या पायांशी, त्यांच्या एकुलत्या एक आणि म्हणूनच सगळ्यांत लाडक्या वन्संचा वाकून नमस्कार.

आम्ही सगळी खुशाल आहोत. तुमची कंबर कशी आहे? ('तुमची' एवढं एकदाच लिहिते. पत्राचा आरंभ आदराने करावा असं आईने मला बजावलं होतं. पण तू लग्न होऊन आलीस त्या वर्षी आपण दोघी परसात लपून कैऱ्या खात होतो, त्यामुळे तुला 'तुम्ही' म्हणायचं माझ्याच्याने जमायचं नाही.) विहिरीच्या पायरीवरून तू घसरलीस हे मला दिवाळीनंतर कळलं, आणि तेसुद्धा दुसऱ्याच कुणाकडून. दादाला फोन केला तर म्हणाला, सगळं बरं. त्याचं 'सगळं बरं' मी लहानपणापासून ओळखते. गोठ्याचं छप्पर उडून शेजाऱ्याच्या माडावर बसलं होतं, तेव्हाही हेच दादा वसंतराव सगळं बरंच म्हणाले होते. तेव्हा तू स्वतः कळव. काठी घेऊन चालतेस की भिंत धरून? जिना बंद केलास की नाही? आणि पाटपाणी करायला ती बाई ठेवलीय ती खरंच काम करते की नुसती तुझ्याकडून सासूच्या गाऱ्हाण्यांना माना डोलवून घेते?

फोनवर हे बोलता येत नाही गो. दादा फोन स्पीकरवर टाकतो, मग आपलं बोलणं वाडीतल्या कोंबड्यासुद्धा ऐकतात. म्हणून हे पत्र. कौशिकच्या ऑफिसातला स्वानंद सुट्टीवर कुडाळला चाललाय, त्याच्याबरोबर पाठवते. सोबत खजुराचा डबा आहे. तो तुला आहे, दादाला साखर आहे.

आता मुख्य गोष्ट. (मुख्य म्हणजे तशी मुख्य नव्हे, पण सांगायला घ्यायची ती.) आमची आर्या, म्हणजे कौशिकची मुलगी, तू तिला शेवटची पाहिलीस तेव्हा ती तुझ्या गोठ्याला 'स्मेली' म्हणाली होती आणि तू तिला मुद्दाम शेण आणायला पाठवलं होतंस, ती आता इथल्या युनिव्हर्सिटीत मोठा अभ्यास करते. कसला? तर पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरचे लोक झाडपाल्याची औषधं कशी देतात त्याचा. मी विचारलं, बाई गं, झाडपाल्यासाठी एवढ्या लांब कशाला, तर म्हणाली, 'आजी, इट्स माय मॅडम्स प्रोजेक्ट.' मॅडमपुढे कोणाचं चालतं? गेली फिजीला. हळदीचं दूध दिलं तर नाक मुरडणारी ही पोर तिथे कसल्या कसल्या साली उकळून प्यायली आणि वर 'चव छान होती' म्हणून फोटो पाठवले. आपल्या घरची औषधं औषधं नसतात, वहिनी. त्यांना समुद्र ओलांडावा लागतो.

पण तिने सांगितलेलं ऐकून मला मात्र अंगणात बसल्यासारखं वाटलं. तिथल्या गावात शिरायचं तर आधी एका मुळीची जुडी न्यावी लागते. ती वडीलधाऱ्यांपुढे चटईवर ठेवायची, मान खाली घालायची, आणि ते 'बस' म्हणेपर्यंत गप राहायचं. (आपल्याकडे नाही का, औषधाला आलेला माणूस नारळ-सुपारी ओट्यावर ठेवून उभा राहायचा आणि आई मुद्दाम तांदूळ निवडत बसायची? तेवढ्यात त्याची खोड कळते म्हणायची. घाई करणाऱ्याला गुण येत नाही.) तर तिथे एक म्हातारी होती, नव्वदीला टेकलेली, सांधेदुखीचं औषध देणारी. ती काही केल्या सांगेना. रोज नारळाचं पाणी पाजी आणि वाटेला लावी. शेवटी एक दिवस म्हणाली, माझ्या घरचं हवं तर आधी तुझ्या घरचं सांग. तुझी आजी काय देते? आणि आमच्या आर्याबाईंनी काय सांगावं? माझी आजी पॅरासिटामॉल देते! म्हातारी म्हणे डोळ्यांतून पाणी येईतो हसली. मग तिने हिला आपलं सगळं औषध दाखवलं, पण शब्द घेऊन. घरी जा, आजीला विचार, मला कळव, आणि ते कळवीपर्यंत माझं औषध कागदावर घालू नकोस. पोरीने हात जोडून कबूल केलं. तेव्हापासून तिचा तो प्रबंध अडलाय. मॅडम रोज ईमेल करतात, ही रोज माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहते.

त्या औषधाचं फळ तिने मला फोनवर दाखवलं. तिकडे त्याला डिलो म्हणतात म्हणाली. मी चष्मा पुसला, फोटो मोठा करून घेतला आणि ओरडलेच. अगं ही तर उंडी!

वहिनी, काय सांगू तुला. मी ह्या फरीज बिन ओमरान भागातल्या फ्लॅटमध्ये एसीखाली शाल पांघरून बसले होते, खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची गच्ची आणि तिच्यावरच्या पाण्याच्या टाक्या, आणि मला चक्क उंडीच्या तेलाचा वास आला. तो हिरवा, उग्र, आजाऱ्याच्या खोलीतला वास. आपली ती समुद्राकडे झुकलेली उंडी आठवली, वटवाघळं तिची फळं खाऊन बिया आपल्या पडवीत टाकायची आणि सकाळी केर काढणाऱ्याने त्या मोजून आईच्या सुपात घालायच्या. आपण त्यांच्या गोट्या करायचो आणि आई ओरडायची, मेल्यांनो, ते कुणाचे तरी गुडघे आहेत, खेळू नका. लांबलांबून माणसं यायची. बैलगाडीतून आडवी आलेली उठून चालत गेलेली मी पाहिलीत. (सगळी नाही. काही तशीच गाडीतून परत गेली. पण ती कुणी लक्षात ठेवत नाही.) आणि फुलांचा वास! इथे अत्तरांची दुकानंच्या दुकानं आहेत, पण उंडी फुलल्यावर आपल्या मागीलदारी जो वास यायचा तो एकाही कुपीत नाही, मी हुंगून पाहिलंय, दुकानदार कंटाळेपर्यंत.

तर त्या भरात मी चूक केली. छाती पुढे काढून म्हणाले, हे माझ्याच घरचं औषध, मला सगळं येतं.

आता हसू नकोस. मला काय येतं ते तुला ठाऊकच आहे. आपल्याकडे ते लेकीला सांगत नाहीत, सुनेला सांगतात. 'चेडवाक सांगूचा नसता गो, ता दुसऱ्याच्या घरात जातला.' हे आईचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की मला ते आरतीसारखं पाठ आहे. आणि सुनेलासुद्धा अगदी शेवटी सांगायचं, कारण एकदा दुसऱ्याला सांगितलं की सांगणाऱ्याच्या हातचा गुण जातो. मी मॅट्रिकला होते त्या वर्षी आईने तुला गोठ्यामागे नेलं. मी मागून आले तर मला हाकललं. मी पेरूच्या झाडाखाली जाऊन रडले, तुझा भयंकर राग आला, तुझी नवी कोरी दोरीवरची साडी मी चिखलात टाकली. (ती वाऱ्याने पडली असं तू दादाला सांगितलंस. मला तेव्हाच कळलं होतं की तुला माहीत आहे.) आणि मग आषाढात आई गेलीच. पुढे माझं लग्न तू लावून दिलंस, पाठवणीला आईच्या जागी तू रडलीस. राग कधी गेला ते मला आठवतसुद्धा नाही.

तर मला माहीत काय? उंडीचं तेल लागतं, हे. झाडाला आदल्या संध्याकाळी तांदूळ-सुपारी ठेवून आवतण द्यायचं, उद्या येते म्हणायचं, हे. दुसऱ्या दिवशी जाऊन पाला आणायचा आणि घरी येईपर्यंत वाटेत तोंड उघडायचं नाही, हे. आवतण दिलेल्या झाडाला ताटकळत ठेवायचं नाही, हे. आणि त्या तेलात तू पदरात बांधून आणलेलं काहीतरी घालायचीस, पाठ फिरवून, एवढं. ते काय, देव जाणे आणि तू जाणे.

आर्या म्हणाली, आजी, तू सगळं करून दाखव, मी व्हिडिओ घेते. पेशंट तयारच होती. खालच्या मजल्यावर ताहेरुन्निसा राहते, हैदराबादची, माझ्याच वयाची. आम्ही दोघी रोज संध्याकाळी लिफ्टजवळ बसून आपापल्या सुनांची तारीफ करतो (लिफ्टमधून कोण उतरेल नेम नसतो). तिचा उजवा गुडघा धरलाय. तेल आर्याने फिजीहून बाटलीभर आणलं होतंच. राहिलं आवतण. आता दोह्यात उंडी कुठून आणू? म्हटलं, झाडाला काय, झाड ते झाड, दाखवण्यापुरतं तर करायचंय. मुंतझाच्या बागेत एक कडुनिंब मी हेरून ठेवला होता. कौशिकने गाडीतून सोडलं. मी खोडाशी तांदूळ ठेवले, सुपारी ठेवली, हात जोडले आणि म्हटलं, उद्या येते हो. आर्या चित्रण करत होती, ताहेरुन्निसा भक्तिभावाने गुडघा चोळत होती, एवढ्यात बागेचा पहारेकरी आला. रमीज त्याचं नाव, माणूस सालस होता, पण सुपारी बघितल्यावर त्याचा चेहरा बदलला. इथे पान खाऊन थुंकणाऱ्यांवर फार कडक नजर असते. मी माझ्या हिंदीत सांगितलं, भाई, मैं थुंकी नहीं, मैं पेड को न्योता दिया. तो म्हणाला, कशाचं? आता कशाचं ते कसं सांगणार? मी म्हटलं, कल का. त्याने एकदा मला, एकदा झाडाला बघितलं, सुपारी उचलून माझ्या हातात दिली आणि चिमण्यांसाठी म्हणून तांदूळ तेवढे राहू दिले.

इथपर्यंत ठीक होतं. पण दुसऱ्या दिवशी धुळीचा वारा सुटला. समोरची इमारत दिसेना. कौशिक म्हणाला, आई, खलास, आज कुठे जायचं नाही. दाखवण्यापुरतं असो की खरं असो, मी त्या झाडाला उद्या येते म्हणाले होते! दिवसभर मला घास गोड लागला नाही. तो बिचारा कडुनिंब परक्या देशात, धुळीत, पाहुण्याची वाट बघत उभा. आर्या म्हणाली, 'आजी, इट्स अ ट्री.' मी म्हटलं, तुझ्या त्या फिजीच्या म्हातारीला सांगून बघ असं.

वारा पडल्यावर आम्ही पुन्हा गेलो. तर नवीनच पेच. बागेतली पानं तोडायची नाहीत अशी पाटी. म्हणजे आवतण दिलेलं, यजमान दारात उभा, आणि ताटाला हात लावायचा नाही! मग काय करणार? मी पदर पसरून झाडाखाली बसले. म्हटलं, त्याला द्यायचं असेल तर तो देईल. ताहेरुन्निसा शेजारी बसली, तिने तिची ओढणी पसरली. माघाचे दिवस, कडुनिंबाची पानगळ आलेली, पण आम्ही बसलो आणि वाराच बंद. कौशिकला गाडी लावायला जागा मिळेना, तो बागेला प्रदक्षिणा घालत फोन करत होता, यल्ला आई, यल्ला, चल लवकर. शेवटी एक डहाळी माझ्या पदरात पडली, आणि त्या क्षणापासून मला बोलायची बंदी! नेमका रमीज आला. विचारतो, अम्मा, काय झालं? मी तोंड मिटून. बरं नाही का? मी तोंड मिटून. तो घाबरला, पाणी आणायला पळाला. आर्या त्याला इंग्रजीत समजावायला गेली आणि ताहेरुन्निसाने सरळ सांगून टाकलं की इन्होंने मन्नत मांगी है. मग तोही गंभीर होऊन आमच्याबरोबर फाटकापर्यंत चालत आला, त्याच्या आईचेही गुडघे दुखतात म्हणून सांगत. मी मान हलवत होते आणि मनातून मला रडू येत होतं, कारण तुझ्यामागून अशीच मुकाट चालत मी कितीदा आले होते, फक्त तेव्हा पायांखाली वाळू असायची.

घरी येऊन पाला वाटला, तेलात घातला. आर्याने कॅमेरा जवळ आणला आणि विचारलं, आणखी काय? मी पाठ फिरवली, अगदी तुझ्यासारखी, आणि मसाल्याच्या डब्यातली चिमूटभर हळद घातली. वळून बघते तर पोरीने कॅमेरा बंद केला होता. आणि वहिनी, जी मुलगी माझ्याशी जन्मात इंग्रजीशिवाय बोलली नाही ती मराठीत म्हणाली, 'आजी, तुला माहीत नाहीये ना?' झाकली मूठ सव्वा लाखाची, ती तिने अशी हळूच उघडली. मी नाही म्हटलं. ती रागावली नाही. जवळ येऊन बसली आणि म्हणाली, मग कोणाला माहीत आहे? मी तुझं नाव सांगितलं. तुझ्याबद्दल सांगत बसले ते जेवणाची वेळ टळून गेली.

असो. असा सगळा इकडचा पसारा. दादाला नमस्कार, त्याला म्हणावं खजूर मोजून ठेवलेत. तुझ्या धवलला आशीर्वाद. चाळिशी ओलांडली तरी तो मुलगी बघायला तयार होत नाही यावर मी काही लिहीत नाही. कंबर शेकत जा. पायरीवरून एकटी उतरू नकोस.

तुझी,
रत्ना

ता. क. ताकाला जाऊन भांडं लपवते आहे हे तू ओळखलंच असशील. धवलचं लग्न कधी व्हायचं, सून कधी यायची, आणि ती तुझ्याबरोबर गोठ्यामागे कधी यायची? आर्या सुट्टीत तुझ्याकडे येते म्हणते. तिला सांग ना वहिनी. घरच्या लेकीची नात, म्हणजे दुसऱ्याच्या घरातली, तीसुद्धा दुसऱ्या देशातली, हे मला कळतं. मी काय मागते आहे तेही कळतं, म्हणून तर एवढी पानं खरडली. पण हातचा गुण जातो वगैरे काही नसतं गो. आर्या म्हणते, ती फिजीची म्हातारी तिला सगळं सांगूनसुद्धा ठणठणीत आहे, रोज समुद्रावर जाते.

आणखी एक. ताहेरुन्निसाचा गुडघा बरा झाला! मी इमारतभर सांगत सुटले होते. काल तिच्या सुनेने लिफ्टपाशी सांगितलं की अम्मीने त्याच आठवड्यात दवाखान्यात इंजेक्शन घेतलंय, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलल्या नाहीत. माझ्या लेपाने फक्त त्यांची चादर पिवळी झाली.

शेवटचं. स्वानंदचं जाणं पुढे ढकललं गेलं म्हणून पाकीट माझ्यापाशीच होतं, ते पुन्हा फोडलं. आज सकाळी आर्याला फिजीहून निरोप आला. ती म्हातारी गेली. झोपेतच गेली, वय झालं होतं, असं आर्या म्हणते. पोर फार रडली. म्हणते, आता मी त्यांच्या लेकीला कळवीन, शब्द दिलाय तर पाळायला हवा. तिचं बरोबर आहे. पण वहिनी, वरचं सगळं मी रद्द करते. तू सांगू नकोस. त्या आषाढात आईचं झालेलं मी एकदा बघितलंय, पुन्हा बघायची माझी ताकद नाही. प्रबंध अडला तर अडू दे. मला औषध नको, तू हवीस. आर्याने तिकीट काढलंय, ती येणारच आणि विचारणारच. तू तिला शेण काढायला लाव, उंडीच्या बिया वेचायला लाव, आणि म्हण, या वर्षी आवतण द्यायचं राहिलं, पुढल्या वर्षी ये. पुढल्या वर्षी आणखी काहीतरी म्हण. आवतण दिलेल्याला ताटकळत ठेवू नये असं आई सांगायची, पण या एका बाबतीत तिचं ऐकू नकोस. पोरीला ताटकळत ठेव, वहिनी. खूप वर्षं ठेव.